कॅडच्या मुलाखतीची तयारी कशी करावी

कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरच्या, मुलाखतीसाठी जे सल्ले सर्वत्र फिरत असतात, ते बहुतेक शंभर प्रश्न आणि त्यांची शंभर पाठ उत्तरे अशा स्वरूपाचे असतात. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले, प्रो-इंजिनिअर १९८८ साली आले आणि त्याने पॅरामेट्रिक मॉडेलिंग (माप बदलले की आकारही बदलतो अशी पद्धत) उद्योगात रुजवले, ही माहिती खरी आहे. पण तिच्या बळावर कोणाला ड्राफ्ट्समन किंवा डिझाइन इंजिनिअर म्हणून घेतलेले मी पाहिलेले नाही. आधी उमेदवार म्हणून आणि पुढे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून माझे मत पक्के झाले आहे की निर्णय बहुतेक वेळा प्रात्यक्षिक चाचणीत होतो, आणि तोही मॉडेल पूर्ण झाल्यावर नव्हे, तर परीक्षक “आता ही लांबी बदला” असे म्हणतो तेव्हा. म्हणून या लेखातही सर्वांत जास्त जागा त्याच टप्प्याला दिली आहे.

जाहिरात आणि बायोडेटा

जाहिरातीतील सॉफ्टवेअरचे नाव आणि कामाचे क्षेत्र पाहून सराव ठरवा. शीटमेटलच्या जागेसाठी प्लास्टिकच्या साच्यांचा अभ्यास करण्यात अर्थ नाही. बायोडेटात सहा सॉफ्टवेअरची नावे लिहिण्यापेक्षा एकच खोलवर येणे चांगले, कारण सहाव्या नावावर अडखळलेल्या उमेदवाराच्या पहिल्या नावाबद्दलही शंका येऊ लागते.

सोबत न्यायचे काम

तीन-चार कामे पुरतात: एक अवघड भाग, एक असेंब्ली (अनेक भागांची जोडणी) आणि कारखान्यात देता येईल असे एक पूर्ण ड्रॉइंग. चकचकीत रेंडर केलेली चित्रे नेली तरी चालतील, पण अनुभवी परीक्षक ती बाजूला सारून ड्रॉइंगच मागतो. आधीच्या नोकरीतील फायली मात्र परवानगीशिवाय कधीही दाखवू नका. जो दुसऱ्याची गोपनीय ड्रॉइंग येथे उघडतो, तो उद्या येथील ड्रॉइंग आणखी कोठे तरी उघडेल, हा विचार समोरच्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

ड्रॉइंग वाचता येणे

सॉफ्टवेअर उत्तम येणारे, पण ड्रॉइंग न वाचता येणारे उमेदवार पुष्कळ भेटतात. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल प्रोजेक्शनची चिन्हे ओळखता आली पाहिजेत, कारण पहिल्या पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली आणि दुसऱ्या पद्धतीत वर काढलेले असते, आणि तेथे गफलत झाली की पुढचे सर्व मॉडेल आरशातले होते. फिट्सची, म्हणजे भोक आणि शाफ्ट एकमेकांत किती सैल किंवा घट्ट बसावेत याची, चिन्हे नुसती ओळखून भागत नाही, तर त्यांचा अर्थ आकड्यांत सांगता यावा. २५ एच७/जी६ असे लिहिले असेल, तर भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर, म्हणजे दोहोंमध्ये किमान ७ आणि कमाल ४१ मायक्रॉनची मोकळीक राहते, हे तक्ता समोर ठेवून का होईना, काढता आले पाहिजे.

भौमितिक टॉलरन्सची (आकार आणि जागा यांत किती फरक चालेल ते सांगणारी) चिन्हे चौदा असतात, असे उत्तर पाठ करणाऱ्यांना एक इशारा: एएसएमई वाय१४.५ या अमेरिकी मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतून कॉन्सेन्ट्रिसिटी (समकेंद्रितता) आणि सिमेट्री (सममिती) ही दोन्ही चिन्हे काढून टाकली आहेत, तर आयएसओ ११०१ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये ती अजूनही आहेत. तेव्हा आधी “कोणत्या मानकानुसार?” असे विचारा. तेवढ्या एका प्रश्नाने तुमच्याबद्दल जे मत बनते, ते पाठ केलेल्या दहा उत्तरांनी बनत नाही.

प्रात्यक्षिक चाचणी

चाचणी साधारणपणे अशी असते: अनोळखी संगणक, हातात एका भागाचे छापील ड्रॉइंग आणि तासाभराचा अवधी. उमेदवाराला वाटते की आकार हुबेहूब झाला की काम संपले. मग परीक्षक जवळ येऊन ८० मिलिमीटरची लांबी ९५ करायला सांगतो, चार भोकांची सहा करायला सांगतो, आणि फीचर ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेल ज्या पायऱ्यांनी (फीचरनी) बांधले त्यांच्या यादीत, वरपासून खालपर्यंत चुकीच्या लाल खुणा उमटतात. सुरुवातीला मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला, आणि तो वेग वाढवून सुटत नाही. मॉडेल बदल पेलेल अशा रीतीने बांधण्याची सवयच त्यासाठी लावून घ्यावी लागते.

ड्रॉइंग मिळाल्यावर पहिली काही मिनिटे माऊसला हात लावू नका. एकके कोणती आहेत, प्रोजेक्शन कोणते आहे, भाग कोणत्या प्रतलाभोवती सममित आहे आणि प्रत्येक माप कोणत्या कडेपासून किंवा कोणत्या डेटमपासून (मापासाठी आधार धरलेल्या पृष्ठापासून किंवा अक्षापासून) दिले आहे, हे पेन्सिलीने कागदावरच खुणावून घ्या. पुढे बदलली जाण्याची शक्यता असलेली मापे तेथेच कळतात: एकूण लांबी, जाडी, भोकांची संख्या आणि त्यांच्या पिच सर्कलचा (भोकांची केंद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा) व्यास. मग संगणकावरील टेम्पलेटचे एकक तपासा. इंचाच्या टेम्पलेटमध्ये मिलिमीटरचे आकडे भरले, तर दिसणारा आकार तोच असतो, पण वस्तुमान सुमारे १६ हजार पटींनी वाढते.

पहिले स्केच हा पाया असल्यामुळे तेथे घाई करू नका. भाग सममित असेल, तर ओरिजिन त्याच्या मध्यावर ठेवा, म्हणजे मिरर करण्यासाठी मूळ प्रतले आयती मिळतात. स्केच फुली डिफाइन्ड, म्हणजे प्रत्येक रेषेचे माप आणि जागा ठरलेले, असलेच पाहिजे, परंतु ते कशामुळे झाले आहे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रेषा निळीची (न ठरलेली) काळी (ठरलेली) व्हावी म्हणून ‘फिक्स’ हा कन्स्ट्रेंट (बंधन) लावून मोकळे होणारे उमेदवार मी अनेक पाहिले आहेत. स्केच पूर्ण झाल्यासारखे दिसते खरे. प्रत्यक्षात त्या रेषा जागेवर खिळलेल्या असतात आणि माप बदलले की तक्रार करतात. चाचणीत ‘फिक्स’ वापरूच नका, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

मापे द्यायची तीही ड्रॉइंगमध्ये ज्या हेतूने दिली आहेत, त्याच हेतूने. भोक कडेपासून १२ मिलिमीटरवर असेल, तर माप त्याच कडेपासून द्या. भोक ८० लांबीच्या मध्यावर असेल, तर ४० असा आकडा टंकू नका, मध्यबिंदूचा किंवा सममितीचा संबंध लावा. लांबी ९५ झाली की आकडा टंकलेले भोक ४० वरच बसून राहते आणि संबंध लावलेले भोक आपोआप ४७.५ वर जाते. आरपार भोकासाठी ‘थ्रू ऑल’ निवडा. १० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये १० खोली देऊन पाडलेले भोक जाडी १६ केल्यावर आरपार राहत नाही, आणि ते समोरून पाहिल्यावर लक्षातही येत नाही. एकसारखी भोके एकाच स्केचमध्ये वेगवेगळी काढण्याऐवजी एक भोक करून त्याचा पॅटर्न (ठरावीक अंतरावर पुनरावृत्ती) करा, म्हणजे चाराची सहा करणे हा एका आकड्याचा बदल उरतो.

फिलेट (कडेची गोलाई) आणि चॅम्फर (कडेचा तिरका काप) शेवटी. याला अपवाद आहेत, शेल करण्यापूर्वी (भाग आतून पोकळ करण्यापूर्वी) काही फिलेट द्यावे लागतात, पण चाचणीत हा नियम सहसा धोका देत नाही. फिलेटमुळे मूळ कडा नाहीशी होते. त्या नव्या कडेवर किंवा वक्र पृष्ठावर पुढचे स्केच टेकवले, की फिलेट काढल्याबरोबर त्यावर अवलंबून असलेली सगळी फीचर कोसळतात. शक्य असेल तेथे कडांऐवजी मूळ प्रतलांचा आधार घ्या. महत्त्वाच्या फीचरना नावेही द्या. ‘कट-एक्स्ट्रूड १७’ पाहून परीक्षकाला काहीच कळत नाही आणि दहा मिनिटांनी तुम्हालाही कळणार नाही.

झाले, असे म्हणण्यापूर्वी आपणच परीक्षक व्हा. सुरुवातीला खुणावलेली मापे एकेक करून बदला, मॉडेल टिकते का ते पाहा आणि मूळ मापे परत ठेवा. मटेरियल लावून वस्तुमान पाहा आणि अंदाज कागदावर ताडून घ्या: १०० × ५० × १० मिलिमीटरच्या पोलादी पट्टीचे आकारमान ५० घनसेंटिमीटर, घनता ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे वजन ३९२.५ ग्रॅम आले पाहिजे. वेळ कमी पडत असेल, तर राहिलेले चॅम्फर सोडून द्या, पण ही तपासणी सोडू नका.

इतके करूनही लाल खूण आलीच, तर घाबरून फीचर पुसू नका. ट्रीमध्ये सर्वांत वर असलेली चूक आधी उघडा, कारण खालच्या बहुतेक चुका तिच्यामुळेच आलेल्या असतात. रोलबॅक करून तिच्या आधीच्या स्थितीत जा, हरवलेला संदर्भ पुन्हा जोडा आणि काय करत आहात ते मोठ्याने सांगत राहा. चूक शांतपणे शोधून दुरुस्त करणाऱ्या उमेदवाराला चूकच न आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त पसंती मिळालेली मी पाहिली आहे, आणि ते योग्यच होते.

चाचणी द्विमितीय ऑटोकॅडची असेल, तर तत्त्व हेच राहते. मॉडेल स्पेसमध्ये सर्व काही एकास एक प्रमाणात काढा, प्रमाण पेपर स्पेसमधील (छपाईच्या पानावरील) व्ह्यूपोर्टला, म्हणजे मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीला, द्या आणि लेअर नीट ठेवा. रेषा चुकीच्या लांबीची निघाली म्हणून मापाचा आकडा हाताने खोडून दुसरा लिहिणे, हा या कामातील अक्षम्य प्रकार आहे. तो लपतही नाही, कारण परीक्षक पहिल्यांदा त्या मापावरच क्लिक करतो.

या सगळ्याचा सराव एकट्याने नीट होत नाही. हाताशी असलेली एखादी वस्तू व्हर्नियरने मोजून तिचे मॉडेल करा आणि कोणती मापे बदलायची ते मित्राला ठरवू द्या, कारण आपण निवडतो ती मापे नेमकी आपण आधीच सांभाळलेली असतात. काही सराव स्वतःचे शॉर्टकट आणि टूलबार बंद ठेवूनही करा. परक्या संगणकावर ते नसतात.

तोंडी प्रश्न

चाचणी चांगली झाली असेल, तर तोंडी प्रश्न बहुधा तुमच्या मॉडेलवरच येतात. टॉप-डाऊन (असेंब्लीतच भाग घडवणे) आणि बॉटम-अप (भाग आधी करून मग जोडणे) असेंब्लीतील फरक, एका भागाला दुसऱ्या भागाचा संदर्भ दिल्याने होणारे फायदे-तोटे, आणि स्टेप फायलीतून (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधील देवाणघेवाणीच्या फायलीतून) आलेल्या मॉडेलमध्ये आकार येतो पण फीचरचा इतिहास सहसा येत नाही, एवढे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. एखादी आज्ञा माहीत नसेल, तर तसे सांगा आणि ते काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने कराल तेही सांगा.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असा प्रश्न येतो. तेव्हा ड्रॉइंग कोण तपासते, फेरबदलांची नोंद कोणत्या प्रणालीत ठेवली जाते आणि जुन्या फायली दुरुस्त करण्याचे काम किती असते, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले, तर पहिले काही महिने इतरांची मोडकी मॉडेल सावरण्यात जाणार, असे समजा आणि पगाराची बोलणी त्या हिशेबाने करा.