श्वानाला आहारपूरके देताना या चुका टाळा

कोथरूड असो, सहकारनगर असो वा औंध, नवे पिल्लू घरी आले की पहिल्याच आठवड्यातील खरेदीत ड्राय फूडच्या पिशवीबरोबर कॅल्शियमचे सिरप, मल्टीव्हिटॅमिनचे थेंब आणि लिव्हर टॉनिकची बाटली बहुधा असतेच. ही खरेदी मायेपोटी होते, यात शंका नाही. पण पूरक म्हणजे आहारातील उणीव भरून काढणारा पदार्थ, आणि उणीव कोणती हे न पाहताच तो सुरू केला, तर तो निरुपयोगी ठरतो किंवा थेट अपाय करतो. म्हणून बाटली उघडण्यापूर्वी श्वानाच्या ताटात रोज काय आणि किती पडते, याचा हिशेब करणे आवश्यक आहे.

सर्वांत मोठी चूक कॅल्शियमच्या बाबतीत होते. पिल्लांसाठीच्या ज्या खाद्यावर ते वाढीच्या वयासाठी पूर्ण व संतुलित असल्याचा उल्लेख असतो, त्यात वाढीला लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात आधीच मिसळलेले असते. त्यावर रोज दोन चमचे सिरप ओतले की हे प्रमाण बिघडते. प्रौढ श्वानाचे आतडे गरजेपेक्षा अधिक आलेले कॅल्शियम बऱ्याच अंशी शोषून घेत नाही, परंतु वयाच्या पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या शरीराला हे नियंत्रण नीट जमत नाही आणि जादा कॅल्शियम हाडांच्या वाढीत बिघाड घडवते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत याचा धोका सर्वाधिक असतो. सांध्यांतील कूर्चा सदोष राहते, पिल्लू लंगडू लागते, आणि अनेकदा घरचे लोक ते लंगडणे ‘अशक्तपणा’ समजून सिरपचा डोस आणखी वाढवतात. जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियम द्यावे, हा समजही पुण्यात सर्रास ऐकू येतो. कान कूर्चेचे असतात, हाडाचे नव्हे. ते कधी उभे राहतील हे मुख्यतः आनुवंशिकतेवर अवलंबून असते, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना उभे राहिलेले कान काही काळ पुन्हा पडतात, ही नेहमीची गोष्ट आहे.

याच्या नेमकी उलट चूक घरच्या जेवणावर वाढणाऱ्या श्वानांच्या बाबतीत होते, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. उकडलेले चिकन आणि भात हे जेवण पचायला हलके असले, तरी ते वर्षानुवर्षे पुरणारे नाही. 100 ग्रॅम चिकनमध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम फॉस्फरस असते आणि कॅल्शियम मात्र जेमतेम 15 मिलिग्रॅम, तर श्वानाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक असावे लागते. ही तूट आहारातून भरून निघाली नाही की शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, हाडे ठिसूळ होतात आणि किरकोळ उडीनेही मोडतात.

प्रौढ व निरोगी श्वानासाठी यावर साधा उपाय अंड्याच्या टरफलांचा आहे. टरफले धुऊन, उकळून, पूर्ण वाळवून त्यांची मैद्यासारखी बारीक पूड करावी. एका ग्रॅम पुडीत सुमारे 380 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दहा किलो वजनाच्या श्वानाला दिवसाला साधारण 2 ग्रॅम पूड पुरते. ही मात्रा चमच्याच्या अंदाजाने न घेता स्वयंपाकघरातील लहान वजनकाट्यावर मोजावी. ड्राय फूड खाणाऱ्या, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा वाढत्या वयातील श्वानाला ही मात्रा लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. शिवाय टरफलाने केवळ कॅल्शियमची तूट भरते. जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव तशीच राहते. त्यामुळे घरचेच जेवण द्यायचे असेल, तर त्या जेवणासाठी बनवलेले खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे.

श्रावणाचा उल्लेख येथे करायलाच हवा. ज्या घरांत महिनाभर मांस शिजत नाही, तेथे श्वानही एका दिवसात चिकनवरून वरणभातावर येतो, पोट बिघडते आणि मग प्रोबायोटिकच्या (पचनाला मदत करणाऱ्या जिवाणूंच्या) पुड्या सुरू होतात. वास्तविक श्वानाला पिष्टमय पदार्थ बऱ्यापैकी पचतात आणि अंडी, पनीर, डाळ यांतून त्याला प्रथिनेही देता येतात. अडचण होते ती बदल अचानक केल्याने. जुन्या जेवणात नवे जेवण मिसळत सात ते दहा दिवसांत हा बदल केला, तर बहुतेक श्वानांना पुडीची गरजच पडत नाही. फोडणीच्या आमटीतील कांदा-लसूण मात्र कोणत्याही महिन्यात देऊ नये, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. कांदा-लसूण मसाल्याची पूडही तितकीच घातक असते. शिऱ्यातील बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

माणसांची औषधे श्वानाला ‘थोडी कमी करून’ देणे ही सर्वांत धोकादायक सवय आहे. ड जीवनसत्त्वाची आठवड्यातून एकदा घ्यायची 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आज पुण्यातील असंख्य घरांत असते. दहा किलोच्या श्वानाने ती खाल्ली, तर दर किलो वजनामागे 6,000 युनिट होतात, आणि विषबाधेची लक्षणे दिसायला तेवढी मात्रा पुरेशी असते. उलट्या, मंदावलेली भूक, सतत तहान आणि वारंवार लघवी यांतून तिची सुरुवात होते आणि पुढे मूत्रपिंडावर कायमचा परिणाम होऊ शकतो. पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवले की ड जीवनसत्त्व मिळते, हेही माणसांवरून काढलेले अनुमान आहे; श्वानाच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही, ते आहारातूनच यावे लागते. याउलट क जीवनसत्त्व निरोगी श्वान स्वतःच्या यकृतात बनवतो, त्यामुळे त्याच्या गोळ्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. मुलांच्या चघळायच्या, साखरविरहित जीवनसत्त्वाच्या गोळ्यांत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असेल, तर श्वानाची रक्तशर्करा झपाट्याने घसरते आणि यकृतालाही इजा होते.

लक्षण दिसले की टॉनिक देण्याची घाईही अशीच महागात पडते. श्वान मलूल झाला, हिरड्या फिकट दिसू लागल्या, खाणे कमी झाले, की लोहाचे टॉनिक आणि पपईच्या पानांचे सिरप सुरू होते. पुण्यात अशा वेळी पहिला संशय गोचीड तापाचा घ्यायला हवा. त्यातील एहर्लिकिया हा जंतू पसरवणारी तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांतही राहते, म्हणून श्वान फ्लॅटबाहेर फारसा जात नसला तरी तो सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. या आजाराचे निदान रक्ततपासणीने होते आणि त्यावर साधारण 28 दिवसांचा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स द्यावा लागतो. टॉनिकमध्ये गेलेला आठवडा हा उपचाराचा वाया गेलेला आठवडा असतो. कोर्स सुरू असताना लोह किंवा कॅल्शियमचे औषध त्याच वेळी दिले, तर डॉक्सिसायक्लिनचे शोषण कमी होते. म्हणून घरात चालू असलेली प्रत्येक बाटली डॉक्टरांना सांगावी.

केस गळण्याबाबतही असेच घडते. खरूज, बुरशी, पिसवा किंवा थायरॉइडचा विकार असताना केसांच्या चमकेसाठीच्या सिरपचा उपयोग होत नाही. हस्की जातीच्या श्वानाच्या डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरत असतील, तर जस्ताची उणीव हे एक कारण असू शकते, आणि पोळीतील फायटेट (धान्यातील खनिजे बांधून ठेवणारा घटक) व जास्तीचे कॅल्शियम जस्ताचे शोषण आणखी रोखतात. मात्र खरजेच्या खपल्याही तशाच दिसतात, त्यामुळे त्वचेचा नमुना तपासल्याशिवाय जस्ताची गोळी देऊ नये.

फिश ऑइल हे मला खरोखर उपयुक्त वाटणारे पूरक आहे, पण तेही नीट वाचून घ्यावे. कॅप्सूलवर 1000 मिलिग्रॅम लिहिलेले असले, तरी त्यातील ईपीए आणि डीएचए ही उपयोगी ओमेगा-3 मेदाम्ले मिळून अनेकदा 300 मिलिग्रॅमच असतात, आणि डोस या आकड्यावर ठरतो. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे फिश ऑइल नव्हे; त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात व ती शरीरात साठत जातात. जवसाच्या तेलातील ओमेगा-3 चे ईपीए व डीएचएमध्ये रूपांतर श्वानाच्या शरीरात फारच कमी होते. त्वचेवरील परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत बाटली बदलू नये.

सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांनी आधी वजनकाटा पाहावा. त्याच्या उपयोगाचे पुरावे कमकुवत आहेत, वजन घटवण्याचे मात्र भक्कम आहेत. अमेरिकेत 48 लॅब्राडोरांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीतील दुसऱ्या श्वानापेक्षा 25 टक्के कमी खाणारे श्वान सुमारे 1.8 वर्षे अधिक जगले आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला. दहा किलोच्या श्वानाला दिवसाला सुमारे 600 कॅलरी लागतात; एक पोळी साधारण 100 कॅलरींची, म्हणजे जेवणानंतर ‘फक्त एक’ दिलेली पोळी त्याच्या दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्सा ठरते. दुसरीकडे, कारवान या जातीसारख्या मुळातच सडपातळ श्वानाच्या शेवटच्या फासळ्या किंचित दिसतात म्हणून त्याला वजन वाढवणारी पावडर देणारेही भेटतात. फासळ्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहता कंबर दिसावी, हा निकष बहुतेक जातींना चालतो.

पूरक सुरू करायचेच असेल, तर एका वेळी एकच सुरू करावे, तारीख आणि वजन वहीत नोंदवावे. दवाखान्यात जाताना खाद्याच्या पिशवीवरील माहितीचे छायाचित्र आणि घरच्या एका दिवसाच्या जेवणाची वजनासह यादी सोबत न्यावी. त्या यादीत बिस्किटे, चघळायची हाडे आणि आजोबांनी गुपचूप दिलेला तुपाचा घासही असावा. एखादे पूरक चालू असताना तहान वाढली, उलट्या झाल्या किंवा श्वानाने जेवण सोडले, तर ते तात्काळ थांबवावे आणि त्याच दिवशी बाटलीसह पशुवैद्यांना गाठावे.