एनआयसीयूतला क्लेब्सिएला एकच आहे का?

एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) दोन-तीन बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतू आला आणि अँटिबायोग्राम (त्यावर कोणती अँटिबायोटिक्स चालतात याचा तक्ता) जुळला, की तिथून लॅबमध्ये मला फोन येतो, "मॅडम, एकच स्ट्रेन फिरतोय का?" स्ट्रेन म्हणजे त्याच जंतूचा एक वाण. अँटिबायोग्रामवरून हो म्हणू नका. प्रतिकाराची जनुकं प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसून एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात जातात.

आधी आयसोलेट (रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा वाढवलेला जंतू) जपा. रिपोर्ट गेला म्हणून प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. शुद्ध कल्चर ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. व्हायलवर वॉर्ड, खाट, तारीख लिहा.

घाईचं उत्तर एरिक-पीसीआर देतं: जंतूच्या डीएनएचे तुकडे वाढवून जेलवर त्यांच्या पट्ट्यांचा (बँडचा) नमुना बघायचा. थर्मोसायक्लर (पीसीआरचं यंत्र) आणि साधं अ‍ॅगरोज जेल पुरतं. मात्र बँड दर रनला थोडे बदलतात, म्हणून सगळे आयसोलेट रसायनांच्या एकाच मिश्रणात (मास्टर मिक्समध्ये), एकाच जेलवर चालवा. आणि शेजारी दुसऱ्या वॉर्डातले, जुन्या तारखांचे दोन-तीन असंबंधित क्लेब्सिएला लावाच. यावर मी अडून बसते. तेही सारखेच दिसले तर तुमची चाचणी फरक दाखवतच नाहीये, आणि तिच्या भरवशावर तुम्ही एखाद्या सिस्टरच्या हातांवर ठपका ठेवाल.

पीएफजीईला (विजेची दिशा बदलत डीएनएचे मोठे तुकडे जेलवर वेगळे करण्याच्या पद्धतीला) वेळ लागतो, पण निकाल जास्त भरवशाचा. जंतू अ‍ॅगरोजच्या प्लगमध्ये फोडायचे, डीएनए एक्सबा-वन या एन्झाइमने कापायचा, १४ अंशांना १८-२० तास जेल चालवायचं. वाचताना १९९५चे टेनोव्हर निकष धरा: २-३ बँडचा फरक असेल तर जवळचं नातं, ४-६ असेल तर कदाचित, ७ किंवा जास्त असेल तर वेगळा स्ट्रेन. हे निकष थोड्या काळातल्या उद्रेकासाठी आहेत. वर्षानुवर्षांच्या साठ्याला लावू नका.

एमएलएसटी या पद्धतीत जंतूची सात जनुकं वाचून एसटी (सीक्वेन्स टाइप) क्रमांक मिळतो. देशोदेशींची तुलना त्याने होते, पण दोन खाटांमधला प्रवास कळत नाही. २०११मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच रुग्णालयात एसटी-२५८ क्लेब्सिएला १८ रुग्णांपर्यंत पोचला. पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा सापडला. एसटी-२५८ अमेरिकेत तेव्हा जागोजागी होता, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून दोघांचा संबंध ठरला नसता. तो संपूर्ण जीनोम (जंतूचा सगळा डीएनए) वाचल्यावर उलगडला. खर्च झेपत असेल तर मी थेट जीनोमच करा म्हणेन.

रिपोर्टात "एकाच स्रोताशी सुसंगत" एवढंच लिहा. स्रोत कोणता, हे खाटांचा नकाशा, दाखल होण्याच्या तारखा आणि सिंक-सक्शनचे स्वॅब शेजारी ठेवून इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांसोबत बसून ठरवा.