पावसाळ्यात पिल्लांच्या खाली काय अंथरावे?

श्रावण ते नवरात्र कोंबडीचा बाजार थंड असतो आणि दसरा झाला की मागणी वर येते. त्या हिशेबाने सातारा-सांगलीकडे बरेच जण आषाढातच एक दिवसाची पिल्ले आणतात. गिरिराज, वनराज, कावेरी, नाहीतर गावरान. जातीची, लसीची, खाद्याची चौकशी सगळे करतात. पिल्लाखाली काय घालायचे हे मात्र पिल्लांचे बॉक्स दारात आल्यावर ठरते, आणि मग कोपऱ्यात जे पोते सापडेल ते ओतले जाते. पहिल्या आठवड्यातली बरीचशी मर या पोत्यातून येते, म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे सगळ्यात चांगली गादी भाताच्या तुसाची. पाटण, जावळी, शिराळा या भातपट्ट्यात ते सहज मिळते. हलके असते, ओल शोषते आणि लवकर सुकतेही. पण गिरणी कोणती आहे ते विचारा. लहान हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो. कोंड्यात तेल असते, दमट हवेत तो खवट होतो, त्याला बुरशी लवकर धरते आणि पिल्ले तो खाद्य समजून टिपतात. मूठभर माल तळहातावर चोळून बघा. हाताला पिठूळ, तेलकट थर राहिला तर त्यात कोंडा आहे. असा माल चाळून घ्या, नाहीतर घेऊच नका.

तुसानंतर सुताराच्या रंध्याखाली निघणारे लाकडाचे पातळ छिलके चांगले. करवतीचा बारीक भुसा मात्र पहिल्या दोन आठवड्यांत नको. त्याची धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते, शिवाय पिल्ले तो खातात आणि अन्नपिशवी गच्च होऊन बसते. प्लायवूड किंवा वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाचा भुसा फुकट दिला तरी आणू नका. शेंगांची टरफले चालतात, पण जरा कुटून आणि पूर्ण कोरडी असतील तरच. भिजलेल्या टरफलांवर बुरशी फार लवकर चढते.

आता बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे. कारखाना जवळ, गुऱ्हाळ जवळ, म्हणून चिपाड घालायचा मोह होतो. गाळपातून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण निम्मे पाणीच असते आणि थोडी साखरही उरलेली असते. उन्हाळ्यात कडक वाळवून, बारीक करून ठेवले असेल तर ठीक. पावसाळ्यात ढिगातून उपसून आणलेले बगॅस पिल्लांखाली घालणे म्हणजे बुरशी विकत घेणे. उसाचे पाचटही नको. लांब पाती एकावर एक दबून खाली ओल धरतात.

बुरशीची इतकी भीती का, तर तिचे बीजकण श्वासातून पिल्लाच्या फुप्फुसात जातात. पिल्लू मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेते. छातीत घरघर ऐकू येत नाही, त्यामुळे आपल्याला ती थंडी वाटते आणि आपण बल्ब वाढवतो. या रोगाला खात्रीचा इलाज नाही. म्हणून पोते उघडल्यावर आधी तळाशी हात घाला. कुबट वास, पांढरे-हिरवट गठ्ठे, आतून गरम लागणे, यातले एक जरी दिसले तरी अख्खे पोते बाजूला काढा. वरचे चांगले आणि खालचे वाईट असे वेगळे करत बसू नका, बीजकण सगळीकडे पसरलेले असतात.

पिल्ले येण्याच्या निदान आठवडाभर आधी तूस आणून ठेवा. उघडीप मिळाली की ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. शेडची जमीन धुऊन, चुना मारून पूर्ण वाळल्याशिवाय गादी घालू नका. एरवी 2 इंच थर पुरतो, पावसात 3 इंच घाला. 100 चौरस फुटांना 3 इंचांनी 25 घनफूट तूस लागते, त्यावरून आपल्या पोत्यांचा अंदाज काढा. गादी घातल्यावर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा बल्ब, आदल्या दिवशीच सुरू करा. वरची हवा गरम आणि खालचे तूस गार असले तर पिल्लू पायातूनच गारठते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर 35 अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. बल्ब पक्क्या साखळीने टांगा. तूस पेट घेते.

पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद अंथरा, म्हणजे पिल्ले तूस टिपणार नाहीत आणि मक्याचा भरडा त्यावर पसरता येईल. पण कागद खरखरीत हवा. गुळगुळीत रंगीत पुरवण्यांवर पिल्लाचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि एकदा फाकलेले पाय आपोआप क्वचितच नीट होतात. साधे वर्तमानपत्र चुरगाळून पुन्हा पसरा, त्या सुरकुत्यांत नखे रुततात. खराब झालेला थर रोज काढा. गोणपाट घालणार असाल तर सुटे धागे कापून टाका, ते बोटांत गुंततात.

त्यानंतरचे काम म्हणजे रोज सकाळी मुठीत तूस दाबून बघणे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. किंचित चिकटून लगेच सुटले तर बरोबर. नुसती धूळ उडाली तर जास्त कोरडे. ओल पहिल्यांदा पाण्याच्या भांड्याभोवती धरते. तेवढा भाग फावड्याने काढा, कोरडे तूस टाका, भांडी विटेवर चढवा. शेडमध्ये शिरताना डोळे चुरचुरले तर ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू आधीच वाढलेला आहे. तुम्ही उभे असता, पिल्लाचे नाक गादीला लागून असते. पाऊस आहे म्हणून चारी बाजूंनी पडदे आवळू नका, वरून हातभर फट ठेवा.

ओल्या गादीत रक्ती हगवणही वाढते. विष्ठेत रक्त दिसले, पिल्ले पंख पाडून बसली, तर स्वतःच्या मनाने औषध पाण्यात टाकण्याऐवजी ताजे मेलेले पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

घरी खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवणाऱ्या मावश्यांनाही हेच लागू आहे. डालग्यात ओला पेंढा नको. गेल्या हंगामातला भाताचा पेंढा चांगला झटकून, हातभर लांबीऐवजी बोटभर तोडून घाला. पिल्ले फुटल्यावर टरफलांसकट तो काढून नवा घाला.

मागच्या तुकडीची गादी नव्या पिल्लांना वापरू नका, चांगली दिसली तरीही. गंबोरो या पिल्लांच्या रोगाचे विषाणू शेडमध्ये महिनोन्महिने टिकतात. ती गादी शेडपासून लांब ढीग करून कुजवा आणि मगच उसाला किंवा हळदीला टाका.