कामाच्या इंग्रजीत या चुका टाळा: अर्थ उलटा करणाऱ्या आधी

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मच्छेच्या मशीनशॉपमध्ये काम करणाऱ्याला इंग्रजी शब्द कमी पडत नाहीत. ब्लो होल (ओतीव मालातली हवेची पोकळी), कोअर, टॉलरन्स, डिस्पॅच, रिजेक्शन हे शब्द रोज तोंडात असतात. अडतं ते बेंगळुरूहून किंवा जर्मनीहून कस्टमरचा फोन आला की. शब्द इंग्रजी, पण वाक्याची बांधणी मराठी.

सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्सपीरियन्स’ हे चूक आहे, ‘आय हॅव’ हवं. पण समोरच्याला कळतं. खरं नुकसान करतात त्या चुका, ज्यात समोरच्याला वेगळंच कळतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या आधी सुधारा.

‘यस’ म्हणून नाही सांगणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कस्टमर विचारतो, ‘यू हॅवन्ट सेंट द रिपोर्ट?’ आपल्या डोक्यात चालू असतं, ‘हो, अजून नाही पाठवला.’ कन्नडमध्येही तसंच, ‘हौदु, इन्नू कळिसिल्ल.’ म्हणून तोंडातून ‘यस’ निघतं. समोरचा ऐकतो की रिपोर्ट गेला. आपण प्रश्नाला होकार देतो. इंग्रजीत हो-नाही घडलेल्या गोष्टीबद्दल असतं. गोष्ट झाली नसेल तर प्रश्न कसाही असो, ‘नो’. नुसतं ‘यस’ किंवा ‘नो’ कधीच म्हणू नका, अर्धं वाक्य जोडा: ‘नो, वी हॅवन्ट सेंट इट येट.’ पहिला शब्द चुकला तरी पुढचे शब्द सावरून घेतात.

पंधरा की पन्नास

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ आपण दोन्ही अक्षरांवर सारखाच जोर देऊन म्हणतो. इंग्रजीत ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्या ‘फिफ्’वर असतो. फोनवर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. आकडा सांगून झाला की अंक सुटे सांगा: ‘फिफ्टीन, वन फाइव्ह.’ मापाचंही तसंच. 0.02 मिमी असेल तर ‘झीरो पॉइंट झीरो टू मिलिमीटर’ म्हणा आणि पुढे ‘ट्वेंटी मायक्रॉन’ही जोडा. एक शून्य कमी ऐकलं गेलं की माप दहापट होतं.

पावणेसहा मनात आणि ‘क्वार्टर पास्ट सिक्स’ तोंडात, असंही होतं. त्यापेक्षा सरळ ‘फाइव्ह फॉर्टीफाइव्ह’ म्हणा. लाख परदेशात चालत नाही. 10 लाख म्हणजे ‘वन मिलियन’.

परवा, आलोच आणि करतो

मराठीतला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. इंग्रजीत वार सांगण्याऐवजी तारीख सांगा, आणि महिना अक्षरात लिहा. 05/06 म्हणजे आपल्याला 5 जून, अमेरिकन कस्टमरला 6 मे. वेळ देताना ‘आयएसटी’ (भारतीय वेळ) जोडा. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन.

‘आलोच’ म्हणताना आपण भूतकाळ वापरतो, पण ‘आय केम’ ऐकणाऱ्याला तुम्ही दारात दिसायला हवेत. म्हणा, ‘आय ॲम कमिंग’. ‘करतो बघा’चं ‘आय विल ट्राय’ झालं की तिकडे बहुतेकदा ‘होणार नाही बहुधा’ असं कळतं. करणार असाल तर ‘आय विल डू इट बाय 4 पीएम’. ‘आजच सांगितलं’चं ‘टोल्ड टुडे ओन्ली’ होतं, कारण आपला ‘च’ आपण ‘ओन्ली’त ओततो, ‘आय टोल्ड हिम टुडे’ पुरेसं आहे.

नम्रपणा कुठे हरवतो

मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवा की’ यांत बोलणाऱ्याचा सूर कळतो. ‘सेंड मी ड्रॉइंग’मध्ये तो सगळा गळून पडतो आणि नुसता हुकूम उरतो. ‘कुड यू प्लीज सेंड द ड्रॉइंग?’ एवढं पाठ करा. दर वाक्याला ‘सर’ लावून ही उणीव भरून निघत नाही.

मेल

‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं की काय करायचं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. ‘रिव्हर्ट बॅक’मध्ये ‘बॅक’ जादा आहे, ‘डिस्कस अबाउट’मध्ये ‘अबाउट’. ‘वी हॅव सेंट यस्टरडे’ नाही, ‘वी सेंट इट यस्टरडे’. काल, सोमवारी अशी ठरलेली वेळ आली की ‘हॅव’ काढायचा.

रिजेक्शनचा मेल लिहिताना मराठीतलं ‘झालं’ आडवं येतं: माल खराब झाला, उशीर झाला, कुणी काय केलं ते कुठेच नाही. क्रम असा ठेवा: काय सापडलं, किती नग, आपण काय केलं, पुढे कधी. ‘वी फाउंड ब्लो होल्स इन 6 ऑफ 50 कास्टिंग्ज. वी हॅव स्टॉप्ड द बॅच. वी विल सेंड 6 रिप्लेसमेंट्स बाय 14 जून.’ अशी तीन वाक्यं गोलगोल माफीच्या पानभर मेलपेक्षा कामाची आहेत.

उच्चार नंतर. ‘व्हेंट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘वेंट’ म्हणताना ओठ गोल होतात, एवढं लक्षात ठेवलं तरी साच्यातल्या व्हेंट होलबद्दल बोलताना घोटाळा होत नाही. ॲक्सेंट बदलण्याच्या क्लासला पैसे घालण्याआधी हो-नाही, आकडे आणि तारखा पक्क्या करा.

सरावासाठी जाड पुस्तक नको. गेल्या महिन्यात फोनवर अडलेली वीस वाक्यं आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत. रोज पाच वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं, काय म्हटलं ते नाही. फोन संपवण्याआधी प्रत्येक वेळी ‘लेट मी रिपीट’ म्हणून आकडा आणि तारीख परत सांगा. कुणी चुकून ‘यस’ म्हटलं असेल, तर ते तिथेच सापडतं.