शुक्राणू घडताना संदेशवाहक आरएनएवर होणाऱ्या प्रक्रियेचा अभ्यास कसा करावा

वृषणातून काढलेला आरएनए कोणत्याही एका प्रकारच्या पेशीचा नसतो. स्पर्मॅटोगोनिया (शुक्राणूंच्या सुरुवातीच्या जनक पेशी), अर्धसूत्री विभाजनात (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात) असलेल्या पेशी, गोल व लांबट स्पर्मॅटिड (त्या विभाजनानंतर शुक्राणूत रूपांतरित होणाऱ्या पेशी), शिवाय आधार देणाऱ्या सर्टोली आणि संप्रेरक बनवणाऱ्या लेडिग पेशी, अशा सर्वांचे संदेश (संदेशवाहक आरएनए) त्यात मिसळलेले असतात. म्हणून दोन नमुन्यांत एखाद्या जनुकाचे स्प्लायसिंग (आरएनएतील नको असलेले भाग कापून उरलेले जोडण्याची क्रिया) वेगळे दिसले, तर ते नियमन बदलल्यामुळे की केवळ पेशींचे प्रमाण बदलल्यामुळे, हे आधी ठरवावे. सर्वाधिक फसगत येथेच होते, असे माझे ठाम मत आहे.

उंदरावर काम करणाऱ्यास एक मोठी सोय आहे. जन्मानंतरची शुक्रजननाची पहिली लाट बरीचशी एका तालात पुढे सरकते: सुमारे 10व्या दिवशी अर्धसूत्री विभाजन सुरू होते, 14व्या दिवसापर्यंत त्या विभाजनाच्या पॅकिटीन या अवस्थेतील पेशी दिसू लागतात आणि 20व्या दिवसाच्या आसपास पहिले गोल स्पर्मॅटिड तयार होतात. त्यानुसार नमुन्यांचे दिवस निवडावेत. वय वाढले तरी आधीच्या अवस्थांतील पेशीही नमुन्यात राहतात, त्यामुळे अंतिम निष्कर्षासाठी होएक्स्ट हे डीएनएला चिकटणारे रंगद्रव्य वापरून फ्लो सायटोमेट्रीने पेशी वेगळ्या कराव्यात आणि त्यांची शुद्धता सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी.

स्प्लायसिंग मोजण्यासाठी संशयित एक्झॉनच्या (स्प्लायसिंगनंतर संदेशात राहू शकणाऱ्या जनुकाच्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंच्या एक्झॉनवर प्रायमर (प्रत बनवण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवावेत, म्हणजे एक्झॉन असलेला आणि वगळलेला असे दोन्ही संदेश एकाच अभिक्रियेत दिसतात. स्प्लायसिंगच्या नियंत्रक प्रथिनांची पातळीही सोबत पाहावी. उदाहरणार्थ, स्पर्मॅटोगोनियात पीटीबीपी1 ठळक असते, तर अर्धसूत्री विभाजनाच्या पेशींत पीटीबीपी2 वाढते.

संदेशाचे 3' टोक, म्हणजे शेवटचे टोक, मात्र वेगळ्या काळजीने अभ्यासावे लागते. जननपेशींमध्ये पॉली-ए (ए या घटकांची लांब शेपटी) जोडण्याची जागा अनेकदा बदलते आणि 3' बाजूचा अभाषांतरित भाग आखूड होतो. या बदलाशी निगडित असलेले सीएसटीएफ-64 हे प्रथिन एक्स गुणसूत्रावरील जनुकापासून बनते, आणि ते गुणसूत्र नराच्या अर्धसूत्री विभाजनात निष्क्रिय होते. त्या काळात त्याचेच भावंड असलेले, अलिंगी गुणसूत्रावरील टाऊ-सीएसटीएफ-64 उपलब्ध असते, आणि त्याचे जनुक काढून टाकलेले नर उंदीर वंध्य असतात. येथे पॉली-ए कुठे जोडायचे हे दाखवणाऱ्या, ओळखीच्या एएयूएएए या संकेताची वाट पाहत बसू नये, कारण या पेशींतील बऱ्याच संदेशांत तो आढळत नाही. टोकांचे वाचन करताना, जीनोममधील ए-बहुल पट्ट्यावर चुकून चिकटलेल्या ऑलिगो-डीटीमुळे (पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरमुळे) खोटी टोके निर्माण होतात, ती गाळावीत.

उशिराच्या टप्प्यात संदेशाची उपस्थिती म्हणजे प्रथिननिर्मिती, असे समजू नये. प्रोटामिनचा (शुक्राणूतील डीएनए घट्ट गुंडाळणाऱ्या प्रथिनाचा) संदेश गोल स्पर्मॅटिडमध्ये बनतो, अनेक दिवस साठून राहतो आणि लांबट स्पर्मॅटिडमध्ये त्याचे भाषांतर होताना त्याची लांब पॉली-ए शेपटी आखूड होत जाते. म्हणून शेपटीची लांबी आणि पॉलिसोमवरील (प्रथिन बनवत असलेल्या रायबोसोमच्या माळेवरील) उपस्थिती, दोन्ही मोजाव्यात.

उत्परिवर्तित उंदीर वापरल्यास तुलना विकास थांबण्यापूर्वीच्या दिवशी करावी. विकास थांबल्यावर पुढच्या पेशीच नसतात, आणि त्यांचे नाहीसे झालेले संदेश प्रक्रियेतील दोष असल्यासारखे भासतात.