ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं

मी ३२ वर्षं एसटी चालवली. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, केळघर, सगळे घाट हाताखालून गेलेले. २०१५ साली निवृत्त झालो, वर्षभरात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला लावलं. चालता चालता पळायला कधी लागलो ते आठवत नाही, पण २०१७ मध्ये, साठाव्या वर्षी, सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पहिल्यांदा उभा राहिलो. आता ६८ चालू आहे आणि आजवर सहा वेळा ही शर्यत पुरी केली आहे. दुसऱ्या शर्यतीही केल्या, पण जीव याच रस्त्यावर. साठीच्या पुढची बरीच मंडळी विचारतात, "काका, आम्हाला जमेल का, तयारी कशी करायची?" दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो.

आधी रस्ता समजून घ्या. अंतर २१.१ किलोमीटर. सुरुवात सातारा शहरात. शहरातून समर्थ मंदिराकडे जायचं, तिथून यवतेश्वरचा घाट चढायचा, कास रस्त्यावर पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेनं परत. म्हणजे ढोबळमानानं अर्धी शर्यत चढ, अर्धी उतार. २०१२ पासून ही शर्यत होते आहे, पावसाळा सरत असताना, एखाद्या रविवारी. नवखा माणूस चढाला घाबरतो. मीही घाबरलो होतो, आणि तिथेच फसलो.

पहिल्या वर्षी चढ जपून चढलो. वळणापर्यंत १ तास ३२ मिनिटं लागली, दम शाबूत होता. मग समोर उतार दिसला आणि मी गाडी न्यूट्रल केली. एसटीत काही जण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल सोडायचे, त्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या आणि स्वतः तेच केलं. पाय आपोआप पडत होते, पोरापोरींना मागे टाकत होतो, मजा वाटत होती. सोळाव्या किलोमीटरला मांड्या गेल्या. दुखत नव्हत्या, नव्हत्याच तिथे. पाय टाकला की गुडघा मुडपायचा. शेवटचे पाच किलोमीटर कठडा, खांब, माणूस, जे सापडेल ते धरत चाललो. एकूण ३ तास १३ मिनिटं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून महिन्याभरात गळाली.

घाटातला नियम नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतात: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी इंजिनानं आवरायची. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पॅडल खाली जातं, गाडी थांबत नाही. माणसाचे ब्रेक म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू. चढताना स्नायू आखडून जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचं वजन झेलतात, आणि त्यात ते आतून जास्त फाटतात. विशीतला पोरगा दोन दिवसांत सावरतो. आपल्याला आठवडा लागतो.

म्हणून माझी सगळी तयारी उताराची असते. चढ त्यात आपोआप येतो.

तयारीला लागण्याआधी तपासणी करून घ्या. रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणतील तर पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट. एका डॉक्टरांनी मला "या वयात कशाला नसते उद्योग" म्हणून फाईल परत दिली होती. मी दुसरे गाठले, त्यांनी सगळं तपासून हो म्हटलं. पण हो म्हणेपर्यंत मी पळालो नाही, हेही लक्षात ठेवा. छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यातलं काहीही पळताना जाणवलं तर तिथेच थांबायचं. पदक पुढच्या वर्षी मिळतं.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात. मग मुलानं हौसेनं घेतलेल्या घड्याळावरचा ठोक्यांचा आकडा फसवा ठरतो. माझी तपासणी वेगळी. मी पळताना कंडक्टरसारखी स्टॉपची नावं घेतो: मेढा, केळघर, महाबळेश्वर. तिन्ही एका दमात निघाली तर वेग बरोबर. केळघरला श्वास तुटला तर एक गिअर खाली.

आधीपासून आठवड्याला दहा-बारा किलोमीटर पळत असाल तर १६ आठवडे पुरतात. नुसतं चालत असाल तर आणखी तीन महिने धरा. मी आठवड्यातून तीनच दिवस पळतो, मंगळवार, गुरुवार आणि रविवार. मंगळवारी सपाटीवर ५ ते ७ किलोमीटर, अंग मोकळं होईल इतकंच. गुरुवारी चढ-उतार. रविवारी लांब पल्ला, ६ पासून सुरू करून हळूहळू १८ पर्यंत, आणि दर तिसऱ्या-चौथ्या रविवारी अंतर मुद्दाम कमी. रोज पळणारे माझ्या वयाचे दोघे-तिघे मला माहीत आहेत, त्यातला एक कायम कुठे ना कुठे लंगडत असतो. आपल्या वयात पळण्याइतकंच न पळणंही तयारीत धरायचं.

बुधवारी आणि शनिवारी घरात पायांची मशागत. यात सगळ्यात मोलाचं काम जिन्याची एक पायरी करते. पायरीवर उभं राहायचं, कठडा धरायचा, एक पाय पुढे हवेत सोडायचा आणि दुसऱ्या पायाचा गुडघा हळूहळू वाकवत, मनात चार मोजत, हवेतल्या पायाची टाच खालच्या पायरीला टेकवायची. मग दोन्ही पायांवर वर यायचं. एका पायाला १०, मग दुसऱ्या, असे तीन फेरे. गुडघा आत वळू द्यायचा नाही, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. पहिल्या आठवड्यात मांडी थरथरते. थरथरू दे. त्याशिवाय खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं आणि टाचा उचलणं, एवढं पुरे. गुडघ्याच्या वाटीत टोचायला लागलं तर मात्र बंद, आणि डॉक्टर.

गुरुवारचा उतारही असाच हप्त्याहप्त्यानं वाढवायचा. आधी १ किलोमीटर, मग दीड, मग दोन, असं चार-पाचपर्यंत. उताराचा एक सराव झाला की पुढचे काही आठवडे मांड्या त्याच माराला कमी दुखतात, शरीर ते शिकून घेतं. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी करायचा. नंतर हात आवरता. साताऱ्यात राहणाऱ्याला यवतेश्वर दारातच आहे. पुण्या-मुंबईकडच्यांनी टेकडी, उड्डाणपूल, नाहीतर सोसायटीचा जिना धरावा.

उतरायचं कसं ते नीट सांगतो, कारण शर्यत इथेच जिंकते किंवा हरते. पावलं आखूड टाकायची. पाऊल अंगाच्या पुढे लांब टाकून टाच आपटली की तो ब्रेक झाला, प्रत्येक पावलाला. त्याऐवजी पाऊल अंगाखालीच पडलं पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला, आवाज कमीत कमी. माझा कान बुटांकडे असतो: 'थप थप' आलं की मी चुकतोय, 'टिपटिप' आलं की बरोबर. मागे रेलायचं नाही. हात जरा फाकलेले, तोल सांभाळायला. नजर दहा-बारा पावलं पुढे. आणि वळणावर रस्त्याच्या आतल्या कडेला जायचं नाही, तिथे उतार जास्त तीव्र असतो आणि पावसात शेवाळही.

बूट रोजच्यापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय सुजलेले असतात. नखं तीन दिवस आधी कापा. वरच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडी अशी आवळा की उतारावर पाय पुढे सरकून बोटं ठेचणार नाहीत. नवीन बूट, नवीन मोजे, नवीन बनियन, त्या दिवशी काहीही नवीन नको. दुसऱ्या वर्षी मी हौसेनं नवा सुती बनियन घातला. पावसात भिजून तो छातीवर घासला आणि संपेपर्यंत पुढे दोन लाल ठिपके उमटले होते. घरी बायको घाबरली, मला लाज वाटली. तेव्हापासून छाती, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, सगळीकडे व्हॅसलिन. भरपूर.

आदल्या रात्री उसळ, मिसळ, तिखट रस्सा बंद. आमच्याकडे मऊ भात, आमटी आणि दही असतं, साडेसातला. सकाळी उठल्यावर एक केळं, दोन राजगिऱ्याचे लाडू, कोरा चहा. साखरेचं औषध किंवा इन्सुलिन असेल तर त्या सकाळी किती घ्यायचं हे डॉक्टरांशी आधीच ठरवा आणि खिशात साखरेच्या गोळ्या ठेवा. दुखण्यावरची गोळी पळण्याआधी घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला महागात पडू शकते. वय झालं की तहानही उशिरा कळते, म्हणून मी तहानेची वाट न बघता पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी दोन-तीन घोट घेतो, मधूनच मीठ-साखर-लिंबाचं. घटाघटा नाही. नुसतं पाणी पोटभर पिणंही वाईटच.

पुरुषमंडळींसाठी एक: आपल्या वयात लघवीचं गणित बदललेलं असतं. सुरुवातीच्या रांगेत उभं राहण्याआधी शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. गर्दी असते.

आता शर्यत. शहरातून निघताना ढोल-ताशे, लेझीम, दोन्ही बाजूंना माणसं. तिथे सगळे सुसाट सुटतात. सुटू द्या. समर्थ मंदिर मागे पडलं की रस्ता तोंड वर करतो आणि मंडळी एकेक करून चालायला लागतात. मी चालणं तिथे येण्याआधीच ठरवलेलं असतं: चार मिनिटं पळायचं, एक मिनिट भरभर चालायचं, दम असला तरीही. वाट डाव्या हाताची धरायची, कारण पुढचे धावपटू वळून समोरून वेगात खाली येतात. रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, इथे उलटं. मी चढत असतो आणि हरणासारख्या पोरी समोरून टपाटप उतरतात. त्यातल्या एकीनं टाळीसाठी हात पुढे केला की माझा गिअर आपोआप बदलतो. आमच्याच जिल्ह्याची, माणदेशातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, ते बघायला आम्ही सगळे बसलो होतो.

यवतेश्वर ओलांडलं की धुकं. मागच्या वर्षी इतकं होतं की पुढचा माणूस दहा हातांवर विरघळायचा. उजवी-डावी बाजू कळत नव्हती, फक्त ओल्या गवताचा वास आणि शेकडो बुटांचा आवाज. मग कुठून तरी हलगी ऐकू आली, बराच वेळ ऐकू येत राहिली, आणि वाजवणारे दिसले तेव्हा मी त्यांच्या अंगावरच जाणार होतो. इथून पुढे रस्ता सलग चढत नाही, लाटा मारतो. लक्षात ठेवा, परतीला त्याच लाटा उलट्या येतात. 'आता नुसता उतार' म्हणून निघालेल्याला तिथे छोटा चढही डोंगर वाटतो.

वळलो की मी मिनिटभर चालतो, तोंडात चिक्कीचा तुकडा टाकतो, नाड्या बघतो. मग उतार, चढाच्याच गिअरमध्ये. लोक धडाधड पुढे जातात. पहिल्या वर्षीचा मी त्यांच्यात दिसतो. शहरात शिरताना त्यातले बरेच रस्त्याकडेला मांड्या धरून उभे असतात. मागच्या वर्षी वर जायला १ तास ४१ आणि खाली यायला १ तास २३ मिनिटं लागली. पहिल्या वर्षीपेक्षा वर जाताना ९ मिनिटं हळू, तरी एकूण ९ मिनिटं लवकर.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे बदला, अंग गार पडतं. तासाभरात काहीतरी पोटात जाऊ द्या. मी नियमानं कंदी पेढा खातो. एकच. साखर आहे म्हणून एकच, आणि बायको बघत असते म्हणूनही एकच. पुढचा आठवडा पळायचं नाही, चालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर आणायला जिना उतरतो. मागच्या वर्षी सरळ उतरलो. पहिल्या वर्षी चार दिवस कठडा धरून पाठमोरा उतरत होतो. खालच्या मजल्यावरचं पोर दप्तर घेऊन शाळेला निघालेलं. ते थांबलं, भिंतीला चिकटून मला वाट दिली आणि म्हणालं, "येऊ द्या आजोबा, येऊ द्या, मागे कुणी नाही."