जुन्या ॲक्शन मालिकेचा नवा भाग पाहताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे नवा भाग पहिल्याच्या आठवणीवर मोजणे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे सिनेमे टीव्हीवर हिंदीत पाहिलेत. मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, लोडशेडिंग सांभाळत आणि तेही जाहिरातींनी चिरलेले. ती आठवण म्हणजे पहिला भाग नव्हे.

2019 साली रॅम्बोचा पाचवा भाग आला. नागपुरातल्या धरमपेठेतला माझा एक मित्र बाहेर पडताच तापला. "पहिल्यात कसे बाण मारून हेलिकॉप्टर उडवलं होतं बाप्पा! हा काहून शेतात घोडे राखून राहिला?" स्फोट करणारे बाण आले ते 1985 च्या दुसऱ्या भागापासून. 1982 चा पहिला भाग मी त्याला घरी बसवून सलग दाखवला. व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक, त्याला गावाबाहेर काढणारा शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), आणि शेवटी आपल्या कर्नलसमोर ढसाढसा रडणारा रॅम्बो. त्यात तो ठरवून कुणाचा जीव घेत नाही. मित्र बराच वेळ गप्प होता. तक्रार त्याची अजूनही आहे, पण आता ती बरोबर जागी आहे: जो माणूस मारणं टाळत होता, त्याला पाचव्या भागात भुयारातल्या कत्तलीपर्यंत का नेलं?

म्हणून नवा भाग बघायच्या आठवड्यात पहिला पूर्ण पाहायचाच, हा माझा नेम. यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या 'पूर्ण कथा' पाहून आलेल्यांशी मी वाद घालत नाही. ज्याला दोन तास बसवत नाही, त्यानं निकाल देऊ नये.

ट्रेलरवरून मत बनवू नका. मध्यंतरात तर मुळीच नको. इंग्रजी सिनेमात सहसा मध्यंतर नसतं, आपल्याकडे ते मधेच कुठेतरी कापतात.

दुसरी चूक नटाच्या वयाची. "म्हातारा झाला" हे काही परीक्षण नाही. तो पडल्यावर त्याला लागतं का, हे पाहा. 'डाय हार्ड'च्या पहिल्या भागात (1988) ब्रूस विलिस अनवाणी आहे, काचांनी तळपाय फाटतात, आणि पुढचं प्रत्येक पाऊल आपल्यालाही दुखतं. 2013 च्या पाचव्या भागात तोच माणूस मॉस्कोत उंचावरून आदळतो आणि अंग झटकून धावतो. सिनेमा तिथे घसरला. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचं दुखणं दाखवलं असतं, तर तेच वय कामी आलं असतं.

नट बदलला म्हणून उठून जाणारे तर मला अजिबात समजत नाहीत. 'मॅड मॅक्स'चा चौथा भाग तिसऱ्यानंतर तीस वर्षांनी, 2015 मध्ये आला. मेल गिब्सनच्या जागी टॉम हार्डी होता. दिग्दर्शक मात्र तेच, जॉर्ज मिलर, वय सत्तर. सिनेमाला सहा ऑस्कर मिळाले. त्यामुळे मी पोस्टरवर आधी दिग्दर्शकाचं नाव शोधतो. 'डाय हार्ड'चा पहिला आणि तिसरा भाग जॉन मॅकटिअर्ननचा. तिसरा इतका जमून का आला, याचं मोठं कारण मला तेच वाटतं.

मत त्याच रात्री टाकू नका. स्फोटांचा आवाज कानात असेपर्यंत सगळंच भारी वाटतं. मी दुसऱ्या दिवशी तर्री पोहे खाताना मारामारीचे प्रसंग क्रमानं आठवून पाहतो: कोण कुठे उभा होता, कशासाठी लढत होता. हे सांगता आलं, तरच मित्रांना फोन लावतो.